ऐकणारा व्हॉल्व्ह

२४ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा सांधा आज सकाळी साडेदहाला जोडला. पेटी पूर्ण झाली. तीन महिने लागले आणि बोटांवर भाजल्याचे अकरा डाग पडले. छोटी म्हणाली, "दादा, एवढ्या वेळात तू अख्ख्या गल्लीच्या कवळ्या केल्या असत्यास."

खरं आहे. चौतीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत तेच केलं. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांचे दात घडवले. त्यामुळे हात बारीक कामाला सरावलेला आहे. विजेचं मात्र सगळं काकांकडून शिकलो. काका म्हणजे कोपऱ्यावरचे म्हातारे रेडिओ दुरुस्तीवाले. दुकान केव्हाच बंद केलं, पण फळ्यांवर अजून जुन्या रेडिओतल्या, बल्बसारख्या दिसणाऱ्या व्हॉल्व्हची खोकी रचलेली आहेत.

रेकॉर्डवरच्या सुईतून जो आवाज निघतो तो मुंगीच्या पावलाएवढा असतो. तो वाढवून पुढे पाठवायला मध्ये एक पेटी लागते. तयार मिळते, पण मला काचेच्या व्हॉल्व्हची आणि स्वतःच्या हाताची हवी होती. वडिलांच्या एकशे चौदा रेकॉर्डी तिच्यावर ऐकायच्या आहेत.

संध्याकाळी लावली. गाणं आलं. गाण्याच्या आधी, मागून आणि मधूनही घरघर आली. छोटीने मान तिरकी करून ऐकलं. "गाणं छान आहे रे, पण मागे घोरतंय कोण?"

तेवढ्यात वरच्या मास्तरांनी जमिनीवर काठी आपटली. दोनदा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काठीबद्दल लिहून टाकतो. कागदावर उतरलं की डोक्यातून जाईल.

आमचं घर तीन मजली. खाली सुताराचं दुकान, मध्ये मी आणि माझी धाकटी बहीण, वर मास्तर. बहीण छप्पन्न वर्षांची आहे तरी घरात तिला छोटीच म्हणतात. म्हणजे आता फक्त मीच म्हणतो. लग्न दोघांनीही केलं नाही. आधी आईचं दुखणं होतं, नंतर राहूनच गेलं. ती ग्रंथालयात काम करते. मास्तर शाळेत संगीत शिकवायचे, आता एकटेच असतात. एक भाची आहे, ती लांब राहते.

सप्टेंबरात पेटी अर्धी झाली होती तेव्हा मी हौसेने त्यांना ऐकायला बोलावलं. ते आले, डोळे मिटून बसले, आणि मग छोटीकडे बघून म्हणाले, "तुमच्या दादांनी माशीला गाणं शिकवलंय."

छोटी हसली. हसली त्याचं काही नाही. पण जशी हसली तशी ती घरात हसत नाही.

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. पूर्वी छोटी त्यांच्यासाठी ग्रंथालयातून पुस्तकं आणायची आणि वर द्यायला जायची. दहा मिनिटांचं काम, तास लागायचा. आता जात नाही. मी तिला नको म्हटलेलं नाही. फक्त एकदा विचारलं होतं, की एवढ्या पायऱ्या चढून तुझे गुडघे दुखत नाहीत का.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काका काठी टेकत जिना चढून आले. पेटी उलटी करून भिंगातून पाहिली. "अर्थिंगचा सांधा दोन जागी जोडलास. मग वीज रिकामटेकड्यासारखी गोल गोल हिंडते आणि गुणगुणते. एकाच जागी जोड."

जोडला. घरघर गेली! छोटीने टाळ्या वाजवल्या. पण घरघर गेल्यावर खालची सूंऽऽ ऐकू यायला लागली. समुद्राचा शंख कानाला लावावा तशी.

काका म्हणाले, "हे असंच. एक आवाज मारलास की त्याच्यामागे दडलेला दुसरा पुढे येतो."

"आणि सगळे मारल्यावर?"

"कुणी मारलेत सगळे?" असं म्हणून त्यांनी चहाचा कप पुढे केला. साखर कमी पडली होती.

३ डिसेंबर, बुधवार

सूं गेली. काकांनी दिलेल्या नव्या सुट्या भागांनी काम केलं. आता उरली ती एक बारीक भुणभुण. हेडफोन लावल्याशिवाय ऐकू येत नाही. बारा मिनिटं असते, मग आठ मिनिटं नसते. घड्याळ लावून पाहिलं. पुन्हा बारा मिनिटं.

माशी. हुबेहूब माशी. मास्तरांचा शब्द खरा ठरवायला जन्मलेली.

६ डिसेंबर, शनिवार

आज चोराचा माग काढला. घरातलं एकेक बंद केलं: फ्रीज, पंखे, दिवे, दाराच्या घंटेचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा. माशी जिवंत. मग जेवणाच्या सुट्टीत सुताराला विनवलं. त्याने बिचाऱ्याने दुकानाचा मेन स्विच पाडला आणि अंधारात बसून जेवला. माशी जिवंतच.

म्हणजे उरले वरचे.

छोटी म्हणाली, "मी विचारते ना त्यांना. पाच मिनिटं वीज बंद करा म्हटलं तर नाही म्हणायचे नाहीत."

"नको."

"अरे पण..."

"नको म्हटलं ना."

ती पुस्तक घेऊन खिडकीशी बसली. अर्धा तास पान उलटलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस विसरणार नाही. माशी मेली!

मास्तर जेवून दीड ते साडेतीन झोपतात. त्यांच्या झोपेवर घड्याळ लावावं. पावणेदोनला मी जिन्याखाली गेलो. तिन्ही मजल्यांचे मीटर तिथेच आहेत. त्यांचा मेन स्विच खाली ओढला. थंडीचे दिवस, पंखा लागत नाही, आणि झोपलेल्या माणसाला विजेचं काय? वर येऊन हेडफोन लावला. शांत. अशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. बर्फावरून हात फिरवावा तशी. म्हणजे चोर त्यांच्याकडेच आहे, बहुधा फ्रीजचा बिघडलेला स्टॅबिलायझर.

पाच मिनिटांत पुन्हा चालू करणार होतो. पण एवढं जमलंय तर एक रेकॉर्ड ऐकू म्हटलं. वडिलांची आवडती. गाणारी बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते, तो ऐकू आला. चाळीस वर्षं ती रेकॉर्ड घरात आहे आणि तो श्वास आज पहिल्यांदा ऐकला. डोळे भरून आले. दुसरी लावली, मग तिसरी. मध्ये एकदा धक्का बसल्यासारखी सुई उडाली. सुताराने काहीतरी जड टाकलं असणार. रेकॉर्डवर ओरखडा पडला नाही, नशीब.

चार वाजता खाली जाऊन स्विच वर केला. कुणाला पत्ता लागला नाही.

संध्याकाळी सहाला छोटीला ऐकवायला पुन्हा लावलं. माशी परत आली होतीच. पण डाव्या कानात आणखी काहीतरी होतं. टक. टक. टक. मग थांबतं. मग पुन्हा.

छोटीला म्हटलं, ऐक. तिने हेडफोन लावला, ऐकलं आणि पटकन काढून ठेवला. "मला नाही आवडला हा आवाज," म्हणाली.

"आवाज आहे तो. आवडायचं काय त्यात?"

"कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं."

१० डिसेंबर, बुधवार

सकाळी उठल्याउठल्या पेटी लावली. टकटक आहे. रात्रभर होती की काय कोण जाणे. खोलीत काहीच ऐकू येत नाही. भिंतीला कान लावला, काही नाही. पण हेडफोनमध्ये स्पष्ट. तीन ठोके, थांबा. कधी दोनच. एकदा ठोक्यांच्या मध्ये काहीतरी घासत गेलं, पोतं ओढत न्यावं तसं. माझ्या मानेवर काटा आला. मला, बासष्ट वर्षांच्या माणसाला, भर सकाळी.

डोकं चालवलं. डावा आणि उजवा व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी बसवले. टकटक उजवीकडे गेली. म्हणजे ती त्या एका व्हॉल्व्हबरोबर हिंडते.

व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळून काकांकडे गेलो. त्यांनी तो आपल्या यंत्रात बसवला आणि काचेला पेन्सिलीने टिचकी मारली. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला.

"आतल्या तारा सैल झाल्यात याच्या. असले व्हॉल्व्ह कानाचे काम करतात. टेबल हललं, जिना वाजला, कुणी खोकलं, सगळं यांना कळतं. पेटी कशावर ठेवलीस?"

"भिंतीतल्या फळीवर."

"भिंतीत काय आहे?"

भिंतीत पाण्याचा पाइप आहे. गच्चीवरच्या टाकीतून मास्तरांच्या बाथरूममधून आमच्याकडे येतो आणि खाली सुताराकडे जातो.

काका म्हणाले, "मग तो व्हॉल्व्ह पाइप ऐकतोय. बिघाड नाही. कुठेतरी खरंच कुणीतरी ठोकतंय."

परत येताना लख्ख उजेड पडला. मास्तर! त्यांना काल स्विचचं कळलं असणार. जमिनीवर काठी आपटून मी बधत नाही म्हणून आता पाइपवर ठोकतायत. सूड. सत्तरी ओलांडली तरी माणूस शाळेतल्या मास्तरासारखाच वागतो, पट्टी घेऊन.

ठोका म्हटलं. काकांकडून दुसरा, घट्ट तारांचा व्हॉल्व्ह आणला होता. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून पेटीखाली चार गाद्या केल्या. बरोबर दोन वाजता पेटी लावली; खाली सुताराची सुट्टी संपून करवत सुरू होत होती. माशी सोडली तर चिडीचूप. टकटक गेली. अर्धा तास ऐकत बसलो, एकदाही आली नाही.

जिंकलो.

संध्याकाळी छोटी ग्रंथालयातून आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "वर दिवा नाही लागलेला. कालही नव्हता."

"भाचीकडे गेले असतील."

"जाताना सांगून जातात."

"कुणाला?"

तिने चपला जोडीने भिंतीशी ठेवल्या. मग म्हणाली, "मी वर जाऊन बघून येऊ?"

"तुला काय पडलंय?"

तिने कप विसळला, फळीवर ठेवला, मग तोच पुन्हा काढून विसळला.

११ डिसेंबर, गुरुवार

झालं तसं लिहितो.

छोटी कामाला गेली. सव्वानऊला पेटी लावली. नवा व्हॉल्व्ह, खाली रबर. सगळं ठीक. रेकॉर्ड संपली, सुई उचलली, आणि साडेनऊला टकटक सुरू झाली. दोन्ही कानांत. कालच्यापेक्षा जवळून.

आधी चिडलो. आवाजाचं बटण शून्यावर नेलं. टकटक तेवढीच. मग पेटी बंद केली, व्हॉल्व्हमधला लाल उजेड विझेपर्यंत थांबलो. टकटक तेवढीच. हेडफोन काढला, थांबली. घातला, सुरू. मग मी हेडफोनची वायर पेटीतून उपटली. वायरचं टोक माझ्या हातात होतं. कशालाच जोडलेलं नव्हतं.

टक. टक. टक.

हेडफोन फेकला आणि अनवाणी जिना चढलो. दार वाजवलं. "मास्तर!" उत्तर नाही. अकरा आठवड्यांत मी त्यांना मारलेली ही पहिली हाक. खाली धावलो, सुताराला घेऊन आलो. त्याने पटाशीने दोन मिनिटांत कुलूप काढलं.

ते बाथरूममध्ये होते. फरशीवर, भिंतीच्या कडेला, एक पाय नको त्या बाजूला वळलेला. स्टूल आडवं पडलेलं. बाथरूमला खिडकी नाही. सुताराने मोबाइलचा उजेड धरला. ओठ फुटलेले होते, पण छाती हलत होती. नळ थेंबथेंब गळत होता आणि त्यांचं तोंड त्या थेंबांखाली आलेलं होतं. तेवढ्यावर जगले, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

सुतार म्हणाला, "मास्तर, आलो आम्ही, आलो."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी त्यांचा हात धरला. ओल्या दोरीसारखा थंड.

१२ डिसेंबर, शुक्रवार

खुब्याचं हाड मोडलंय. सोमवारी शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले, अजून दिवस गेला असता तर हाती काही लागलं नसतं. भाची आली, माझ्या पायाच पडली. छोटी हॉस्पिटलभर सांगत सुटलीय, "माझ्या दादाने ऐकलं. त्याने पेटी केलीय, तिच्यातून ऐकलं." परिचारिका मला बघायला दारापर्यंत आली.

मास्तर बल्ब बदलायला चढले होते म्हणे. मंगळवारी दुपारी झोपेतून उठून बाथरूममध्ये गेले तर दिवा लागेना.

वरचं वाक्य लिहून पेन खाली ठेवलं होतं. तासाभराने उचललंय.

संध्याकाळी सुतार आला. जुना बल्ब बेसिनमध्ये पडलेला होता, तो त्याने खिशात घालून आणला होता. म्हणाला, "मी दुकानात लावून पाहिला. लख्ख लागतो. चांगला बल्ब काढायला चढले कशाला?"

मी म्हटलं, "म्हातारपण, दुसरं काय."

छोटी कृतज्ञ नजरेने माझ्याकडे बघत होती.

१५ डिसेंबर, सोमवार

शस्त्रक्रिया नीट झाली. मी गेलो नाही, डोकं दुखतंय सांगितलं. काकांकडे जाऊन बसलो. त्यांना गुरुवारचं सांगितलं. ते बराच वेळ जुन्या डायलवरची धूळ पुसत राहिले.

"वायर काढलेली होती?"

"हातात होती."

"मग ते शक्य नाही."

"मला ऐकू आलं काका."

"मी म्हटलं शक्य नाही. खोटं आहे असं म्हटलं नाही." त्यांनी फडकं झटकलं. "ठोकणारा पकडला गेलाय. तुझं तोंड मात्र अजून मागे काहीतरी दडल्यासारखं दिसतंय."

मी घरी आलो. पेटी लावली नाही. तिच्यावर चादर टाकलीय.

बुधवारी मी एकाच दिवसात दोन गोष्टी मानल्या: मास्तर वर पाइप ठोकतायत, आणि मास्तर भाचीकडे गेलेत. आज मागची पानं वाचताना दिसलं. लिहिताना कसं दिसलं नाही?

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हॉस्पिटलमध्ये गेलो. मास्तर उशांना टेकून बसले होते. दाढी वाढलेली, डोळे मात्र तेच, परीक्षेला बसवणारे. भाची चहाला खाली गेली होती.

"या," म्हणाले. "तुमच्या कानांवर माझा जीव आहे आता."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर बोलता आलं नसतं. "बल्ब गेलेला नव्हता मास्तर. मी खालून तुमची वीज बंद केली होती. पेटीतल्या आवाजासाठी. पाच मिनिटं म्हणून केली आणि रेकॉर्ड ऐकत बसलो."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर एक माणूस स्ट्रेचरची चाकं धूत होता. पाणी टाकायचा, चाक फिरवायचा, पुन्हा पाणी.

"कुठली रेकॉर्ड?"

मी सांगितलं.

"ती चांगली आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बहिणीला सांगितलंत हे?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. ती सगळ्यांना तुमचं कौतुक सांगतेय. तिचं हसं होता कामा नये. मग या माझ्याकडे, यायचं असेल तर."

संध्याकाळी सांगितलं. ती ओट्याशी बटाटे सोलत होती. ऐकता ऐकता सोलायची थांबली.

"किती वाजता बंद केलीस?"

"पावणेदोन."

"आणि चालू?"

"चार."

"बुधवारी मी विचारलं होतं, वर जाऊन बघू का."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही." मग खरं उत्तर तोंडून निघालं. "माहीत करून घ्यायचं नव्हतं."

तिने अर्धा सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "दादा, सप्टेंबरात मी हसले ना, ती तुझ्या पेटीला नव्हते हसले."

"कळलं होतं मला."

"कळलं होतं म्हणूनच," ती म्हणाली, आणि आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

२० डिसेंबर, शनिवार

छोटी दोन दिवस बोललेली नाही. आज सकाळी डबा भरून माझ्यासमोर ठेवला. मला वाटलं, ती घेऊन जाणार. "मी ग्रंथालयातून परस्पर जाईन संध्याकाळी. दुपारचा डबा तू न्यायचास."

"आज?"

"रोज."

२४ डिसेंबर, बुधवार

पाचवा डबा. मास्तर जेवतात, मी खुर्चीत बसतो, डबा घेऊन परत येतो. एक शब्द नाही. आज पाणी हवं होतं तर पेल्याकडे बोट दाखवलं. मी भरून दिला. हातात धरायला त्यांना अजून त्रास होतो, म्हणून पेला खालून धरून ठेवला. त्यांनी माझ्या बोटांवरचे भाजल्याचे डाग पाहिले आणि नजर काढून घेतली.

घरी छोटी बोलते आता, कामापुरतं. दूध उतू गेलं, नळ बंद कर, एवढंच. संध्याकाळी उशिरा येते. येते तेव्हा तिच्या पिशवीतली पुस्तकं बदललेली असतात. मी गुडघ्यांचं विचारत नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

चादर काढली. पेटी लावली. वरचा मजला बंद आहे, फ्रीजही बंद, म्हणून माशी नाही. घरघर नाही, सूं नाही, काही नाही. जे तीन महिने मागत होतो ते मिळालं. रेकॉर्ड लावायला हात गेला नाही. हेडफोन घालून साडेनऊपासून दहापर्यंत नुसता बसलो. छोटीने दारातून विचारलं, "काय ऐकतोयस?"

"काही नाही."

"मग?"

मला तिला सांगता आलं नाही, की मी ती टकटक यायची वाट बघत होतो. येऊ नये म्हणूनही.

२९ डिसेंबर, सोमवार

आज मास्तर बोलले.

जेवण अर्धं झालं होतं. चमचा डब्यात ठेवून म्हणाले, "त्या गुरुवारी तुम्ही नेमकं किती वाजता ऐकलंत?"

"साडेनऊला."

"सकाळी?"

"सकाळी."

"नक्की?"

"घड्याळ समोर होतं."

ते डब्यातल्या घासाकडे बघत म्हणाले, "पडलो तेव्हा हाताशी फक्त ब्रश ठेवायचा पेला होता. मंगळवारी संध्याकाळपासून तोच नळाच्या पाइपवर आपटत होतो. तीन ठोके मारायचो, दमलो की दोन. बुधवारी तो हातातून निसटला आणि दाराकडे घरंगळत गेला. खाली सुताराची करवत नुकतीच सुरू झाली होती, म्हणून वेळ लक्षात आहे. सरपटून पाहिलं, पोचलो नाही. त्यानंतर मी काही वाजवलेलं नाही. बोट उचलायचीही ताकद नव्हती."

मी म्हटलं, "पाइप थंडीने आकसतात. कधी कधी वाजतात."

"तीन-तीन ठोके?"

वायर हातात होती हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगणार होतो, पण जीभ वळली नाही.

"पेला दाराशीच होता ना, तुम्ही आत आलात तेव्हा?"

आठवून पाहिलं. दार उघडताना माझ्या पायाला काहीतरी लागलं होतं, वाजत लांब गेलं होतं. "दाराशीच होता."

"मग गुरुवारी कोण वाजवत होतं?"

"माहीत नाही मास्तर."

ते माझ्याकडे बघत राहिले. चिडून नाही. शाळेत एखाद्या मुलाचा सूर पहिल्यांदा जागेवर लागला की मास्तर बघत असतील तसं, पण घाबरलेलं. मग उरलेलं जेवले. झाकण स्वतः लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मी लावलं.

डबा घेऊन दारापर्यंत आलो तेव्हा मागून म्हणाले, "उद्या जरा लवकर या. सकाळीच. साडेनऊच्या आत."

"बरं."

"एकटं नको वाटतं त्या वेळेला."